लसणाचा पाव आणि लसणाची भाकरी

आजच्या भाषणाचे नाव वाचून काहींना हसू येईल. शेती, शाळा, आरोग्य असे भारदस्त विषय सोडून हा प्राध्यापक लसणाच्या पावावर काय बोलणार, असेही वाटेल. पण विषय माझा नाही. तो मला एका विद्यार्थिनीने दिला.

ही मुलगी तेलगावकडची. बीडहून वडवणीमार्गे परळीला जाणारा रस्ता आणि माजलगावहून धारूरकडे जाणारा रस्ता जिथे एकमेकांना भेटतात, ते धारूर तालुक्यातले तेलगाव. जवळच साखर कारखाना. हंगामात चौकातून उसाच्या गाड्यांची रीघ लागते. अशा चौकात पूर्वी खायला काय मिळे? भजी, चिवडा, शेव आणि चहा. आता रस्त्यावरच्या गावांतूनही नव्या पाट्या लागल्या आहेत, आणि त्यांवर नवी नावे आहेत. त्यांतले एक नाव वाचून या मुलीने मला विचारले, "सर, गार्लिक ब्रेड म्हणजे नेमकं काय असतं?"

मी म्हटले, "काही विशेष नाही. पावाला लसूण आणि लोणी लावायचे आणि भाजायचे."

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आमचंच की! आई लसणाची चटणी आणि भाकर देती. पण वास येतोय म्हणून मी डबा मैत्रिणींसमोर उघडत नाही."

वाचकहो, या एका वाक्यासाठी हे भाषण आहे. तोच लसूण पाटीवर गेला की त्याचे पैसे पडतात, आणि डब्यात आला की त्याची लाज वाटते. असे का व्हावे? लाज घालवायला उपदेश पुरत नाही, माहिती लागते. म्हणून हा लसणाचा पाव काय आहे, तो कसा होतो, आपल्या भाकरीचे त्याच्याशी नाते काय, हे आज नीट समजून घेऊ. शिक्षक मंडळींना वर्गात करून दाखवता येतील असे चार सोपे प्रयोगही ओघात सांगेन.

प्रथम या पदार्थाचे कूळ पाहू. हा पाव मूळचा इटलीकडचा. त्या देशात रोम शहराच्या बाजूला पावाचे जाड काप निखाऱ्यावर भाजतात, गरम असतानाच त्यावर लसणाची सोललेली पाकळी घासतात, वरून ऑलिव्ह नावाच्या फळाचे तेल सोडतात आणि मीठ भुरभुरतात. याला म्हणतात ब्रुस्केता. हा शब्द निखाऱ्यावर भाजणे या अर्थाच्या तिथल्या बोलीतल्या क्रियापदावरून आला आहे. शेजारच्या टस्कनी प्रांतात याच पदार्थाला फेत्तुंता म्हणतात. त्याचा अर्थ तेलाने माखलेला तुकडा. नवे तेल घाण्यातून निघाले की ते कसे उतरले हे पाहायला हाच तुकडा खातात. आपल्याकडे करडईचे नवे तेल आले की भाकरीवर घेऊन चव पाहतात ना, तसेच. हे काही राजेरजवाड्यांचे पक्वान्न नव्हते. शिळा पाव फेकवत नाही, कोरडा घशाखाली उतरत नाही, म्हणून कष्टकरी घरांनी काढलेली ती युक्ती होती. पुढे इटलीतली लाखो माणसे पोटासाठी अमेरिकेत गेली. तिथे ऑलिव्ह तेलापेक्षा लोणी सहज मिळे. तेव्हा तेलाच्या जागी लोणी आले, लसूण ठेचून त्यात मिसळू लागले, आणि आज पाटीवर दिसणारा गार्लिक ब्रेड तयार झाला.

तेव्हा ध्यानात ठेवा, तिन्ही गोष्टी साध्या आहेत. बेचव धान्य, झणझणीत लसूण आणि थोडी स्निग्धता. धान्य पोट भरते, लसूण तोंडाला चव आणतो, आणि तेल किंवा लोणी ती चव जिभेवर पसरवते. कारण लसणाचा वास देणारी द्रव्ये पाण्यात कमी आणि तेला-तुपात अधिक विरघळतात. आपल्या चटणीवर तेल घेतात ते काही चैनीसाठी नव्हे.

आता एकेक वस्तू पाहू. आधी लसूण.

लसणाची अख्खी पाकळी सोलून नाकाशी धरा. वास जवळजवळ येत नाही. तीच सुरीने कापा, थोडा येतो. खलबत्त्यात ठेचा, सगळ्या घरात पसरतो. म्हणजे हा वास पाकळीत तयार ठेवलेला नसतो, तो ठेचल्यावर जन्मतो. पाकळीच्या पेशीत एका खोलीत ॲलिइन नावाचे बिनवासाचे द्रव्य असते. दुसऱ्या खोलीत ॲलिइनेज नावाचे विकर, म्हणजे रासायनिक बदल घडवून आणणारे प्रथिन असते. दोघांमध्ये भिंत असते. वरवंटा फिरला की भिंत फुटते, दोघे भेटतात, आणि काही क्षणांतच ॲलिसिन नावाचे झणझणीत द्रव्य तयार होते. १९४४ साली अमेरिकेतील कॅव्हॅलिटो आणि बेली या शास्त्रज्ञांनी ॲलिसिन वेगळे काढून दाखवले. किडीने किंवा जनावराने पाकळी चावली तर तिला चटका बसावा, अशी ही लसणाची स्वतःची राखण आहे. आपण मात्र तो चटका आवडीने खातो!

यातून स्वयंपाकाचे दोन नियम निघतात. पहिला, उष्णतेने ते विकर मरते. म्हणून अख्खी पाकळी आधी भाजली किंवा उकडली आणि मग ठेचली, तर ती गोडसर लागते, झणझणत नाही. दुसरा, लसूण आधी ठेचून दहा मिनिटे तसाच ठेवला आणि मग विस्तवावर नेला, तर चव अधिक राहते, कारण विकराला आपले काम उरकायला वेळ मिळतो. शिक्षकांनी हा प्रयोग जरूर करावा. एक पाकळी कच्ची ठेचा, दुसरी दहा मिनिटे पाण्यात उकळून ठेचा, आणि मुलांना डोळे मिटून वास घ्यायला सांगा. विकर म्हणजे काय, हे मग फळ्यावर फार लिहावे लागणार नाही.

आणि तोंडाला येणारा तो वास? त्यातला एक भाग तोंडात उरलेल्या लसणाचा असतो, तो चूळ भरून जातो. पण लसूण पोटात गेल्यावर एक गंधकयुक्त वायू रक्तात मिसळतो आणि फुफ्फुसांतून श्वासावाटे तासन्‌तास बाहेर पडत राहतो. त्यामुळे दात घासूनही वास राहतो. जेवताना दूध घेतले किंवा नंतर सफरचंद, पुदिना असे काही खाल्ले तर तो कमी होतो. पण हे ध्यानात असू द्या, की पाटीवरचा महागडा पाव खाणाऱ्याच्या श्वासालाही अगदी हाच वास येतो. श्वासाला श्रीमंती-गरिबी कळत नाही.

मी भाषेचा शिक्षक, म्हणून दोन शब्दांची गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. संस्कृतात लसणाला लशुन म्हणतात, त्यावरूनच आपला लसूण आला. दुसरे नाव रसोन. रस अधिक ऊन. सहा रसांपैकी एक कमी असलेला, अशी त्याची फोड जुन्या वैद्यांनी केली. तो उणा रस म्हणजे आंबट. लसणावर लिंबू पिळले की चव का पूर्ण होते, ते पाहा! आपल्याकडची लसणाची ओळख किती जुनी? १८९० साली मध्य आशियातील कुचा येथे हॅमिल्टन बॉवर या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती भूर्जपत्रांवरचे एक संस्कृत हस्तलिखित आले. ते सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे आहे, आणि त्यातील पहिल्याच प्रकरणात लसणाची उत्पत्ती आणि गुण सांगितले आहेत. दुसरा शब्द पाव. पीठ पायांनी तुडवतात म्हणून पाव, अशी व्युत्पत्ती आपण लहानपणी ऐकलेली असते. ती खरी नाही. पोर्तुगीज भाषेत या पदार्थाला पांव म्हणतात, आणि सोळाव्या शतकात गोव्यात आलेल्या पोर्तुगीजांबरोबर तो शब्द आला. गोव्यात पीठ फुगवायला माडाची सूर वापरू लागले. पाव करणाऱ्याला तिथे अजूनही पोदेर म्हणतात, तोही पोर्तुगीज शब्दच.

आता धान्याकडे येऊ. पाव फुगतो आणि भाकरी थापावी लागते, असे का? याचे उत्तर आपल्या खेड्यातल्या प्रत्येक पोराच्या दाताखाली येऊन गेले आहे. गव्हाचे मूठभर दाणे बराच वेळ चघळले की तोंडात रबरासारखा गोळा राहतो. ज्वारीचे दाणे चघळून पाहा, गोळा होत नाही, सगळे विरघळून जाते. तो रबरासारखा पदार्थ म्हणजे ग्लुटेन. गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन अशी दोन प्रथिने असतात. पाणी घालून मळले की ती एकमेकांत गुंततात आणि त्यांची चिवट जाळी होते. हाच दुसरा प्रयोग समजा. कणकेचा गोळा फडक्यात बांधून पाण्याखाली चोळत राहा. पांढरे पिठूळ पाणी निघून जाते आणि फडक्यात चिवट लगदा उरतो. ज्वारीच्या पिठाचा गोळा तसाच धुवा, काहीच उरत नाही.

पावात या जाळीचे काम काय? पिठात यीस्ट घालतात. यीस्ट ही डोळ्यांना न दिसणारी, बुरशीच्या जातीची सजीव वनस्पती, असे जुन्या पुस्तकांत लिहीत. आज शास्त्रज्ञ बुरशींचे राज्य वनस्पतींहून वेगळे मानतात. ती पिठातली साखर खाते आणि कार्बन डाय-ऑक्साइड वायू सोडते. तो वायू ग्लुटेनच्या जाळीत अडकतो, जशी फुग्यात हवा. भट्टीत तो तापून आणखी पसरतो, जाळी घट्ट होते, आणि पाव जाळीदार राहतो. तिसरा प्रयोग येथेच करता येईल. बाटलीत कोमट पाणी, चमचाभर साखर आणि थोडे यीस्ट घाला, तोंडाला फुगा बांधा आणि उबेत ठेवा. तासिका संपेपर्यंत फुगा उभा राहू लागेल.

ज्वारीला ही जाळी नाही. मग आपल्या आजीने काय केले? तिने पिठात उकळते पाणी घातले. उकळत्या पाण्याने ज्वारीतला पिष्टमय भाग फुगतो आणि चिकट होतो. प्रथिनाची जाळी नाही, तर पिठाच्या खळीने धरून ठेवायचे! मग काठवटीत तळहाताच्या टाचेने पीठ रगडून मळायचे, गोळा घेऊन कोरड्या पिठावर थापायचा, आणि तव्यावर टाकताच वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा. ते पाणी सुकत आले की भाकरी उलटायची. दुसरी बाजू भाजली की आरावर शेकायची. आतल्या पाण्याची वाफ होते, बाहेरचा थर सुकून बंद झालेला असतो, वाफेला वाट मिळत नाही, आणि भाकरी टम्म फुगून पापुद्रा सुटतो. यीस्ट नाही, भट्टी नाही, साचा नाही. फक्त वाफ, आणि हाताचा अंदाज. पीठ जुने झाले की चिकटपणा कमी होतो आणि थापताना चिरा पडतात. म्हणून भाकरीचे पीठ थोडे थोडे दळून आणतात. घोडा का अडला, पान का सडले, भाकरी का करपली, याचे एकच उत्तर आपण लहानपणी शिकलो, फिरवली नाही म्हणून. पण फिरवायची नेमकी कधी, हे उखाण्यात नाही. ते चुलीपुढे बसूनच कळते. माझ्या मते पाव करणे पुस्तक वाचून जमेल, भाकरी मात्र पुस्तक वाचून जमणार नाही.

आता कृती. ज्यांना घरी लसणाचा पाव करून पाहायचा आहे, त्यांनी भट्टीची काळजी करू नये. तयार पाव असतील तर काम दहा-पंधरा मिनिटांचे. चार पावांना आठ-दहा पाकळ्या लसूण आणि साधारण ५० ग्रॅम लोणी घ्या. घरचे लोणी असेल तर ताक चांगले धुऊन काढलेले असावे. लसूण चिमूटभर मिठाबरोबर ठेचा. मिठाने तो लवकर बारीक होतो. दहा मिनिटे थांबा. मग तो मऊ लोण्यात मिसळा, बारीक चिरलेली कोथिंबीर घाला. पाव मधोमध कापा, आतून दोन्ही बाजूंना हे लोणी लावा, आणि मंद आचेवरच्या तव्यावर कापलेली बाजू आधी वर ठेवून झाकण घाला. दोन-तीन मिनिटांत पाव आतून मऊ होतो आणि लोणी मुरते. मग बाजू उलटून तांबूस होईपर्यंत भाजा. आच मोठी करू नका. लसूण करपला की कडू होतो, आणि तो कडूपणा कशानेच जात नाही.

या कामाला शिळा पाव चालतो, किंबहुना बरा पडतो. पाव शिळा होतो तो केवळ वाळून नव्हे. भाजताना फुगलेला पिष्टमय भाग थंड झाल्यावर पुन्हा घट्ट रचला जातो, त्यामुळे तो कडक होतो. गरम केला की ही रचना काही काळ सैल पडते आणि पाव पुन्हा मऊ होतो. शिळी भाकरी पाण्याचा हात लावून तव्यावर गरम केली की का सुधारते, त्याचे कारणही हेच.

पावही घरीच करायचा असेल तर पाव किलो मैदा, एक लहान चमचा साखर, एक लहान चमचा कोरडे यीस्ट, त्याहून थोडे अधिक मीठ, एक मोठा चमचा तेल आणि सुमारे १६० मिलिलिटर कोमट पाणी घ्या. पाणी बोटाला सोसेल इतकेच कोमट हवे. फार गरम झाले तर यीस्ट मरते. यीस्ट आणि साखर थोड्या पाण्यात मिसळून फेस येईपर्यंत ठेवा. मग सगळे एकत्र करून दहा मिनिटे चांगले मळा. ओले फडके झाकून उबेत ठेवा. दुप्पट व्हायला उन्हाळ्यात तासापेक्षाही कमी वेळ लागेल, थंडीत अधिक. घड्याळ पाहू नका, गोळा पाहा. मग दाबून हवा काढा, लहान गोळे करा, तेल लावलेल्या डब्यात लावा, आणखी अर्धा तास फुगू द्या. भट्टी नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा जाड थर द्या, त्यावर कडे ठेवा, झाकण घालून दहा-पंधरा मिनिटे चांगले तापवा, आणि आत डबा ठेवून मध्यम आचेवर अर्धा तास भाजा. पाव खालून ठोकला असता पोकळ आवाज आला की झाला. वर्गात चौथा प्रयोग म्हणून एवढे केले तरी मुलांना आठवडाभर पुरेल.

आणि ज्यांच्याकडे पावही नाही, यीस्टही नाही, त्यांनी काय करावे? गरम भाकरीचा पापुद्रा काढावा, आतल्या मऊ बाजूवर लसणाची पाकळी घासावी, मीठ भुरभुरून करडईचे तेल किंवा लोणी सोडावे. इटलीतला शेतकरी जे करतो ते हेच. फक्त त्याच्या हातात पावाचा काप आहे आणि आपल्या हातात चतकोर भाकर.

महाराष्ट्राने तर स्वतःचा लसणाचा पाव केव्हाच शोधून काढला आहे. मुंबईचा वडापाव पाहा. १९६६ साली दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी तो विकायला सुरुवात केली असे सांगतात. त्यात वडा असतो हे खरे, पण तो उघडून पाहिला तर पावाला आतून काय लावलेले असते? लसणाची कोरडी लाल चटणी. पोर्तुगीजांचा पाव आणि आपल्या घरातली चटणी, गिरणीवर जाणाऱ्या माणसाच्या हातात एकत्र आली. त्याची कुणाला लाज वाटली नाही.

चटणीचे नाव निघाले, तेव्हा एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. लसूण जमिनीत वाढतो. मातीतल्या एका जंतूचे, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे, बीजाणू त्याला चिकटलेले असू शकतात. हा जंतू हवेत वाढत नाही. पण ताजा ओला लसूण तेलात बुडवून बाटलीत भरला आणि बाहेर ठेवला, तर तेल हवा अडवते, आंबटपणा नसतो, ऊब मिळते, आणि जंतू विष तयार करू लागतो. त्याला वास नसतो, चवही बदलत नाही. १९८५ साली कॅनडातील व्हँकूव्हर येथे अशा बाटलीतल्या लसणाने एका उपाहारगृहात जेवलेली ३६ माणसे आजारी पडली होती. म्हणून लसणाचे तेल किंवा लसूण-लोणी लागेल तेवढेच करावे. उरले तर फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावे. फ्रिज नसेल तर त्याच दिवशी. मग आपली चटणी? खोबरे, शेंगदाणे, तिखट आणि मीठ भाजून-कुटून केलेली कोरडी चटणी वेगळी. तिच्यात पाणी फार थोडे असते, आणि पाण्यावाचून जंतू वाढत नाही. मात्र लसूण ओलसर राहिला असेल तर तो आधी तव्यावर कोरडा परतून घ्यावा, आणि बरणीत ओला चमचा घालू नये. लोणच्याला मीठ आणि लिंबाची आंबटाई राखते. आपल्या आज्यांना जंतूचे नाव माहीत नव्हते, पण ओला हात बरणीला लावायचा नाही, हे त्यांनी सुनांना बजावून सांगितले होते.

आणखी एक. लसूण औषधी आहे हे ऐकून कुणी रक्तदाबाची गोळी बंद करू नये. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल किंवा शस्त्रक्रिया व्हायची असेल, तर लसणाच्या मोठ्या मात्रेबद्दल डॉक्टरांना विचारावे. लसूण हे अन्न आहे. अन्नाला अन्नाचाच मान द्यावा.

आता पुन्हा तेलगावच्या त्या मुलीकडे वळतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या बीड जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडणीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'एक कोयता' म्हणतात. जणू माणसे नव्हेत, हत्यारच मोजले! कोपीत राहणारी ती बाई पहाटेच्या अंधारात उठून भाकरी थापते आणि फडक्यात चटणीबरोबर बांधून फडावर नेते. चटणीच का? ती नासत नाही, तिला भाजीबाजार लागत नाही, आणि गार भाकरीसुद्धा तिच्याबरोबर घशाखाली उतरते. ही चटणी-भाकर म्हणजे शौक नव्हे, गरज आहे. तेव्हा केवळ ती गोड मानून घ्या, असे मी म्हणणार नाही. नुसत्या चटणी-भाकरीवर शरीर चालत नाही. ज्वारीत जी उणीव राहते ती डाळ भरून काढते. चटणीत शेंगदाणे किंवा जवस असले तर बरेच, आणि सोबत पालेभाजी, कांदा, ताक मिळाले पाहिजे. ते प्रत्येक कोपीत पोचावे, ही त्या ताटावरची उणीव आहे. ती उणीव भाकरीची नव्हे, आपली सगळ्यांची आहे. उलट मैद्याच्या पावापेक्षा ज्वारीची भाकरी कोंड्यासकट असल्याने पोटाला अधिक चांगली. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने लोह आणि जस्त अधिक असलेला 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण दिला आहे. २०२३ हे वर्ष तर साऱ्या जगाने भरडधान्याचे वर्ष म्हणून पाळले. जग आपल्या भाकरीकडे वळून पाहत असताना आपल्या लेकींनी डबा झाकून ठेवावा, हे बरे नव्हे.

शिक्षक बंधु-भगिनींनो, तुमच्या वर्गात दुपारच्या सुट्टीत असा एखादा डबा कोपऱ्यात उघडत असेल. त्या मुलाला बोलून दाखवू नका, त्याने तो अधिक आक्रसेल. एक दिवस तुम्हीच खलबत्ता घेऊन वर्गात जा. लसूण ठेचा, कणीक धुवा, बाटलीवर फुगा चढवा. आणि शेवटी मुलांना, मुलींइतकेच मुलग्यांनाही, एकेक भाकरी थापायला लावा. पहिली तुटेल, दुसरी करपेल. मग त्यांना कळेल, की जी आई पहाटे पंधरा-वीस भाकरी एकसारख्या गोल थापते, तिच्या हातात किती विद्या आहे.

त्या मुलीला मी एवढेच सांगितले, की उद्या मलाही एक चतकोर आण. दुसऱ्या दिवशी तिने डबा आणला. शिक्षकांच्या खोलीत तो उघडला तेव्हा लसणाचा वास दारापर्यंत गेला, आणि बाहेरून जाणारे दोघे आत येऊन विचारू लागले, "काय आहे हो? आम्हालाही द्या की!"